गुराबेला इंग्रजीत काय म्हणावे?

इ.स. १२२९ च्या सप्टेंबरात अरागॉनचा राजा पहिला जाउमे मायोर्का बेट जिंकायला निघाला. सालोऊच्या किनाऱ्यावरून निघालेल्या आपल्या ताफ्याची मोजदाद त्याने कॅटलन भाषेतल्या आत्मवृत्तात नोंदवली आहे: २५ नाउ, १८ तारीदा, १२ गालेरा, आणि बुसा व गालिओता मिळून शंभर. या ग्रंथाची इंग्रजी भाषांतरे झाली आहेत. १८८३ मध्ये जॉन फॉर्स्टर यांचे आले आणि २००३ मध्ये डेमियन स्मिथ व हेलेना बफरी यांचे. भाषांतर कुणीही करो, या एका वाक्यापाशी त्याला थांबावेच लागते. गालेराला इंग्रजीत गॅली आहे, ते सोपे. पण तारीदाला काय म्हणायचे? आणि नाउला नुसते ‘शिप’ म्हटले, तर बाकीची काय शिपे नव्हेत?

हीच अडचण आपल्या घरातही आहे. जिंजीला राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास शिवछत्रपतींचे चरित्र लिहिले. त्यात आरमाराचा भाग आला की गुराबा, तरांडी, तारवे, गलबते, शिबाडे, पगार अशी नावांची रांग लागते. पुढे मल्हार रामराव चिटणीसाच्या बखरीत मचवे, तिरकाटी आणि पाल यांची भर पडते. कॅटलनमधून इंग्रजीत जाणाऱ्याला जे कोडे पडते, तेच सभासदाला इंग्रजीत नेणाऱ्यालाही पडते. मला तर पुढे जाऊन असे म्हणायचे आहे की ही दोन कोडी मुळात एकाच समुद्री शब्दसंपत्तीची आहेत. ती सोडवण्याची रीतही दर्यावर्दींनी कधीच दाखवून ठेवली आहे. जहाजाचे नाव त्यांनी भाषांतरित केले नाही, उचलले.

हे सोलापुरात बसून लिहावे याचे कुणाला नवल वाटेल. मुंबईचा समुद्र येथून चारशे किलोमीटरवर. पण शब्द पाहायचे तर सोलापूरसारखी जागा नाही. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकराला विचारा, जहाजाला तेलुगूत ‘ओड’ म्हणतात. अक्कलकोटच्या बाजूचा कन्नड माणूस ‘हडगु’ म्हणेल. दखनी बोलणारा ‘जहाज’ म्हणेल. हा शब्द मुळात अरबी. त्याचा अर्थ सरंजाम, तयारीचे सामान. नवरीसोबत दिलेला सरंजाम तो जहेज आणि प्रवासाला सज्ज केलेले तारू ते जहाज. दोन्ही एकाच पोटचे.

जमिनीवरच्या मराठीत समुद्राचे शब्द किती आणि कसे मुरले आहेत, हे गावात हिंडताना कळते. विहिरीजवळ गुरांना पाणी पाजायला दगडाची किंवा लाकडाची डोण असते. संस्कृतात ‘द्रोणी’ म्हणजे हौदी आणि नावसुद्धा. कन्नडात दोणी म्हणजे होडी, कोकणात डोणी पाण्यावर चालते, आमच्याकडे डोण पाणी पोटात घेऊन उभी असते. पोकळ वस्तू पाणी आत ठेवते किंवा बाहेर ठेवते, नाव एकच. कॅटलन लोकांनीही असेच केले. त्यांचा जहाजाचा सर्वसाधारण शब्द वाइशेल हा लॅटिनमधल्या लहान भांड्याच्या शब्दापासून आला, आणि वाइशेला म्हणजे त्यांच्याकडे ताटे-वाट्यांचा संच. इंग्रजीतले व्हेसल त्याच कुळातले, भांडे आणि जहाज दोन्ही.

नांगराची गोष्ट याच्या उलटी आहे. शेतकऱ्याचा नांगर संस्कृत ‘लांगल’वरून आला. खलाशाचा नांगर फारसी ‘लंगर’वरून. मराठीच्या तोंडात दोघांच्या आरंभीचा ल बदलून न झाला आणि दोन परके शब्द एकरूप होऊन बसले. ज्वारीच्या रानात चालणारा आणि बंदरात बुडणारा नांगर एकच समजून त्यावर कुणी कल्पनांचे इमले रचू नयेत. जमीन उकरतात म्हणून दोघांना एक नाव पडले, हे स्पष्टीकरण ऐकायला गोड आहे, पण खरे नाही.

पगारही तसाच. महिन्याचा पगार पोर्तुगीज ‘पगार’ या क्रियापदावरून, म्हणजे पैसे चुकते करणे. कॅटलनमध्येही हेच क्रियापद याच रूपात आहे. सभासदाच्या यादीतला पगार मात्र जहाजाचा प्रकार आहे. कोरून गुळगुळीत केलेली होडी, असा त्याचा अर्थ देतात. सोलापुरातल्या जुन्या मिलच्या कामगाराने सभासदाची ही ओळ वाचली तर क्षणभर तो अडखळेलच. आणि पाल? गड्ड्याच्या यात्रेत संक्रांतीला दुकानदार पाले ठोकतात, तो कापडाचा आडोसा. हिंदीत पाल म्हणजे शीड. मराठ्यांच्या आरमारातले पाल म्हणजे मोठे लढाऊ जहाज. कापडावरून शीड आणि शिडावरून अख्खे जहाज, असा हा प्रवास झाला असावा असे मला वाटते. शिडावरून जहाज मोजण्याची सवय जगभर आहे.

आता नाउकडे वळू. कॅटलन नाउ लॅटिन ‘नाविस’वरून आला. संस्कृत ‘नौ’ ही त्याची सख्खी बहीण. आपला नाखवासुद्धा याच घरचा: फारसी नाखुदा म्हणजे नाव-खुदा, नावेचा धनी. तेव्हा मराठी भाषांतरकाराला नाउ पाहताच हात पुढे करून ‘नाव’ लिहून टाकावेसे वाटेल. तेथेच घात आहे. मध्ययुगीन भूमध्य समुद्रातली नाउ म्हणजे उंच काठांची, गोलसर पोटाची, वल्ह्यांवाचून केवळ शिडांवर चालणारी मोठी मालवाहू. पंढरपूरला चंद्रभागेत वारकऱ्यांना पैलतीरी नेणारी ती नाव. व्युत्पत्ती एक, आकार शंभरपट वेगळा. शब्दाचे मूळ सांगणे आणि शब्दाचा अर्थ सांगणे ही वेगळी कामे आहेत. जहाजांच्या बाबतीत पहिल्यावर विसंबून दुसरे केले तर वाचक बुडतो.

कॅटलन लोकांना स्वतःलाही ही नावे नेहमी काटेकोर लावता आली असे नाही. मातारो गावच्या एका छोट्या देवळात नवसाने वाहिलेली पंधराव्या शतकातली जहाजाची लाकडी प्रतिकृती होती. आज ती रॉटरडॅमच्या सागरी संग्रहालयात आहे. लोक तिला ‘मातारोची कोका’ म्हणत आले. अभ्यासकांनी घडण तपासली आणि ही कोका नव्हे, नाउ आहे, असा निर्वाळा दिला. कोका हा मुळात उत्तरेकडच्या समुद्रातला शब्द. फ्लॉरेन्सचा इतिहासकार जोव्हान्नी विल्लानी लिहितो की १३०४ च्या सुमारास बायोनचे लोक अशी जहाजे घेऊन भूमध्य समुद्रात आले आणि जेनोवा, व्हेनिस, कॅटलोनियाच्या लोकांनी ती घडण उचलली. घडणीबरोबर नावही उचलले. पुढे घडण बदलत गेली, नाव लोकांच्या जिभेवर राहिले. मला यात लोकांची चूक दिसत नाही. जहाज बदलते आणि नाव मागे रेंगाळते, हे शब्दांच्या इतिहासात नेहमीचेच आहे.

तारीदा अरबी ‘तरीदा’वरून. मुळातला धातू पाठलाग करण्याचा, पण जहाज घोडे वाहणारे. मागच्या बाजूला दार असे. ते किनाऱ्यावर उघडले की स्वार घोड्यावर बसूनच बाहेर पडे. हे कळले म्हणजे मायोर्काच्या स्वारीतल्या १८ या आकड्याला अर्थ येतो: राजाला घोडदळ बेटावर उतरवायचे होते. दख्खनच्या माणसाला हे चित्र पटकन समजावे, कारण बहमनी आणि आदिलशाही फौजांचे घोडे अरबस्तान-इराणकडून समुद्रमार्गे दाभोळ, चौलला उतरत आणि घाट चढून आत येत. ‘घोडेवाहू’ असा शब्द मराठीत बनवता येईल, आणि तळटीपेसाठी तो चांगलाच आहे. पण ग्रंथात तारीदाच हवा. त्या शब्दात अरबांकडून कॅटलन लोक काय शिकले, याची नोंद आहे. घोडेवाहूत ती पुसली जाते.

आणि आता गुराब. अरबीत ‘घुराब’ म्हणजे डोमकावळा, आणि त्याच नावाने वल्ह्यांचे लढाऊ जहाज. काळ्या डांबराने माखलेले अंग आणि चोचीसारखी पुढे आलेली नाळ, यावरून हे नाव पडले असावे. हा कावळा दोन दिशांना उडाला. पश्चिमेकडे तो स्पेनमध्ये उतरला. सर्व्हांतेसच्या ‘डॉन किहोते’च्या १६०५ मध्ये निघालेल्या पहिल्या भागात साखळदंडात बांधलेल्या कैद्यांचा प्रसंग आहे. त्यातला एक कैदी आपल्या शिक्षेसाठी ‘गुरापा’ हा चोरांच्या बोलीतला शब्द वापरतो आणि किहोतेला अर्थ विचारावा लागतो. गुरापा म्हणजे गालेरा, वल्ही मारण्याची सक्तमजुरी. कोशकार त्याचे मूळ अरबी घुराबात दाखवतात. पूर्वेकडे हाच शब्द अरबी समुद्र ओलांडून कोकणात आला आणि गुराब झाला. सर्व्हांतेसच्या कैद्याचा आणि शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडाऱ्याचा शब्द एक आहे, हे पहिल्यांदा ध्यानात आले तेव्हा मला फार आनंद झाला होता. एकाला तो शिक्षेचा, दुसऱ्याला अभिमानाचा.

मराठी गुराब मात्र अरबी घुराबाची नक्कल राहिली नाही. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने १७६३ मध्ये छापलेल्या ग्रंथात तिचे बारकाईने वर्णन केले आहे. बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. तीन काठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन काठ्यांची १५० टनांच्या आतली. लांबीच्या मानाने रुंदी भरपूर आणि पाण्यात बुडणारा भाग थोडा, म्हणजे खाडीत शिरायला सोयीची. नाळ भूमध्य समुद्रातल्या गालेरासारखी पुढे झेपावलेली, आणि तिच्यावरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबत याच घडणीचे पण लहान, ७० टनांच्या आतले, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. ताशी चारेक मैल जाणारे. वारा पडला की गलबते गुराबेला ओढून नेत.

हे समजल्यावर रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र वाचावे. आरमाराच्या प्रकरणात ते गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहान नकोत, मध्यम हव्यात असे सांगतात, आणि एका सुभ्याला पाच गुराबा व पंधरा गलबते असे प्रमाण घालून देतात. एका गुराबेमागे तीन गलबते. यात अख्खी युद्धपद्धती आहे: तोफांचा मारा गुराबेने करायचा, ओढायचे, घेरायचे, शत्रूच्या जहाजावर चढायचे ते गलबतांनी. इंग्रजी भाषांतरात दोन्हींना ‘शिप’ म्हटले तर आज्ञा उरते ती एवढीच, की वीस जहाजे ठेवा. अमात्यांनी विचार करून घातलेले गणित नाहीसे होते. जाउमेच्या वाक्याचेही तसेच.

गलबताच्या व्युत्पत्तीवर एकमत नाही. हॉब्सन-जॉब्सन हा यूल आणि बर्नेल यांचा १८८६ चा कोश त्याला पोर्तुगीज ‘गालेओता’शी जोडतो, तसे असेल तर जाउमेच्या ताफ्यातली गालिओता आणि आंग्र्यांचे गलबत चुलत भाऊ ठरतात. मला हे पटते, पण गालेओताच्या शेवटी ‘बत’ कसे आले याचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत मी ते ठामपणे सांगणार नाही. मचव्याचा रस्ता उलटा: हा येथला शब्द पोर्तुगीजांनी उचलला आणि ‘मांचुआ’ केला. आरमार मात्र पोर्तुगीज ‘आर्मादा’च.

शिबाडावर थोडे थांबतो, कारण कोशकार जहाजाच्या शब्दापुढे कसे हतबल होतात याचे ते उत्तम उदाहरण आहे. मोल्सवर्थसाहेबांनी मराठीची जी सेवा केली तिला तोड नाही. पण शिबाडाचा अर्थ देताना त्यांनी एका विशिष्ट प्रकारचे मोठे जहाज, एवढ्यावर भागवले. यूलने त्याबद्दल आपल्या कोशात नाराजी नोंदवली, कोशकारांची ही नेहमीचीच रीत आहे म्हणून. त्याची नाराजी रास्त होती. प्रकार कोणता, हेच तर वाचकाला हवे असते. मुंबई गॅझेटिअरने मात्र माहिती मिळवली: रत्नागिरीकडच्या बंदरांत दिसणारे, १०० ते ३०० टनांचे, मलबारच्या व्यापारातले जहाज. फारसी ‘शाही-बार’, म्हणजे राजाचा माल वाहणारे, अशी व्युत्पत्तीही तेथे दिली आहे. व्युत्पत्ती बरोबर असो वा नसो, टनांचा आकडा आणि मलबारचा व्यापार या गोष्टींनी शिबाड डोळ्यांपुढे उभे राहते. पत्तेमारीचे असेच. हॉब्सन-जॉब्सनप्रमाणे हा शब्द आधी पायी पत्रे नेणाऱ्या जासुदाचा होता, मग तो निरोप नेणाऱ्या वेगवान जहाजाला लागला. मराठीत कुणी कुणी त्याचे ‘फत्तेमारी’ केले आणि त्यात विजय दिसू लागला.

या सगळ्या परक्या शब्दांऐवजी संस्कृत घालावे, असे सुचवणारे भेटतात. भोजाच्या नावावर असलेल्या युक्तिकल्पतरूत नावांची मोठी वर्गवारी आहे: क्षुद्रा, मध्यमा, भीमा, दीर्घिका, तरणी, गत्वरा, वेगिनी. शब्द सुंदर आहेत. राधाकुमुद मुखर्जींनी १९१२ च्या आपल्या ‘इंडियन शिपिंग’ या ग्रंथात त्यांचा आदराने उपयोग केला. पण ते लांबी-रुंदीच्या मापांचे वर्ग आहेत. सभासदाच्या यादीत यांतले एकही नाव नाही. कोकणच्या कोळी-भंडाऱ्यांनी सुकाणू अरबी ‘सुक्कान’वरून घेतले, खलाशी अरबीतून, सारंग फारसीतून. त्यांना लाज वाटली नाही. मग आपण कशाला वाटून घ्यायची? संस्कृत वंशाचे जे शब्द जिवंत राहिले ते आपोआप राहिले: तरांडे ‘तरंड’वरून, तारू ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे या धातूवरून. तारू तर समुद्र सोडून पंढरपूरपर्यंत आले. ज्या वारकऱ्याने कधी खारे पाणी पाहिले नाही, त्याच्याही तोंडी भवसागर आहे आणि तारणारे तारू आहे. या शब्दाचे इंग्रजी करताना ‘तारणे’ हरवते आणि त्यावर इलाज नाही. हा तोटा मान्य करून पुढे जावे लागते.

सोलापूरने आधुनिक जहाजांनाही नावे दिली आहेत. वालचंद हिराचंद १८८२ मध्ये सोलापुरात जन्मले. १९१९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली आणि त्याच वर्षी ५ एप्रिलला तिचे ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. जहाज आधी ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या मालकीचे होते, म्हणून कंपनीला त्यांचे नाव. शिंदे इंग्रजीत जाऊन सिंदिया झाले आणि तेथून मराठीत परतले ते सिंदिया म्हणूनच. कंपनीला कुणी ‘शिंदे कंपनी’ म्हटले नाही. ‘नॅव्हिगेशन’मध्ये ती जुनी नाविस आहेच. परदेशी नावाचे जहाज विकत घेऊन आरंभ करणाऱ्या या कंपनीने पुढे आपल्या जहाजांना ‘जल’ने सुरू होणारी नावे दिली. वालचंदांनी विशाखापट्टणमला काढलेल्या कारखान्यात बांधलेली ‘जलउषा’ १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. १९६५ मध्ये भक्तिवेदांत स्वामी अमेरिकेला गेले ते ‘जलदूत’मधून. ही एकेका जहाजाची विशेषनामे, त्यांना कुणी भाषांतरित करणार नाही. ‘जलउषा’ इंग्रजी कागदांतही ‘जलउषा’च राहिली. विशेषनामाला जो मान आपण सहज देतो, तो जहाजाच्या जातीच्या नावालाही द्यावा, एवढीच माझी मागणी आहे.

सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२० मध्ये सभासद बखर इंग्रजीत आणली, आणि १९२८ च्या मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील ग्रंथात आरमारातल्या जहाजांच्या प्रकारांचा ऊहापोह केला. बंगाली माणसाने मराठी कागदांवर इतके प्रेम करावे, याचे ऋण आपण पुरेसे मानलेले नाही. कॅटलन ग्रंथ इंग्रजीत वा मराठीत आणणाऱ्याने हाच मार्ग धरावा: नाउ, तारीदा, कोका हे शब्द तसेच ठेवावेत, पहिल्यांदा येतील तेथे घडण, काम आणि अंदाजे माप एका वाक्यात सांगावे, आणि मग वाचकावर विश्वास टाकावा. इंग्रजीने कॅटलन ‘शाबेक’ या जहाजाचा शब्द ‘झेबेक’ करून कधीच पचवला आहे, तारीदाही पचवेल.

गुराबेच्या बाबतीत मात्र इंग्रजीत तयार शब्द असूनही तो मी वापरणार नाही. अठराव्या शतकातल्या कंपनीच्या इंग्रजांनी गुराबेचे ‘ग्रॅब’ केले. उच्चार घसरला असेल, त्यात दोष नाही. पण इंग्रजीत ग्रॅब म्हणजे हिसकावणे. कान्होजी आंग्र्यांना चाचे ठरवणाऱ्या लोकांच्या कागदांत त्यांच्या जहाजाचे नाव हिसकावणी पडले. पुढे १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला तेव्हा बंदरातले आंग्र्यांचे आरमार जळून गेले. आजचा इंग्रज वाचक ‘आंग्रेज ग्रॅब्ज’ वाचतो तेव्हा डोमकावळा त्याला दिसत नाही, चाचा दिसतो. म्हणून इंग्रजीत लिहायचे झाले तर मी ‘गुराब’च लिहीन, आज्ञापत्रातल्या हिशोबासह: पाच गुराबा, पंधरा गलबते.